गुरुजींची ड्युटी

[दृश्य : जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. परिपाठ नुकताच संपलाय.]

निवेदन :

शिक्षक दोन. त्यातले गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदार यादीच्या कामावर. आज तहसीलला गेलेत. मागे उरलेल्या बाईंकडे पहिली ते चौथी. पहिलीला अक्षरं गिरवायला दिलीत, चौथीला भागाकार. तेवढ्यात मोबाइल वाजतो : ‘माहिती आजच सादर करावी. निरंक असल्यास तसे कळवावे.’ काही नाही, हे कळवायलाही वर्ग सोडावा लागतो.

[दृश्य : स्वयंपाकाची खोली. खिचडीचं पातेलं, शेजारी वही.]

मुलांना वाढण्याआधी खिचडी बाईंनी चाखायची, चव रजिस्टरला नोंद करायची. हे काम नको म्हणण्यासारखं नाहीच. मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे.

पण बाकीच्या कामांचं काय?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २७ सांगतं की, शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या तीनच कामांना जुंपता येईल : दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुकीचं काम. मतदार यादी या तिसऱ्या दारातून शाळेत शिरते. त्याआधीच, डिसेंबर २००७ मध्ये, निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं. शाळेच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत शक्यतो नको. त्या ‘शक्यतो’मध्ये बरंच काही मावतं.

मग गुरुजी नाही का म्हणत नाहीत?

[दृश्य : नेमणुकीचा आदेश, शिक्का, सही.]

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३२ वाचा. मतदार यादीच्या कामात सबळ कारणाशिवाय कसूर केली, तर किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. आणि शिकवण्यात कसूर केली तर? वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, पालकांना भेटणं ही कर्तव्यं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये आहेत. ती चुकली, तर सेवानियमांप्रमाणे चौकशी. तीही बाजू मांडायची संधी देऊन. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे नोटीस. कोणतं काम आधी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

[दृश्य : रिकामा व्हरांडा, दप्तरं.]

मात्र एक जबाबदारी अशी आहे की, तिथे ‘ड्युटीवर होतो’ ही सबब चालत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी भीती वाटली, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. ‘आधी संस्थाचालकांशी बोलू’, ‘शाळेचं नाव खराब होईल’, असलं काही कायदा ऐकत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं, तर वर्षापर्यंत. छडी तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद केली, आणि वर्गासमोर पाणउतारा करणंही.

[दृश्य : बाई फळ्यावर भागाकार सोडवून दाखवताहेत.]

आणि हो, कलम २४ लाच तिसरं पोटकलम आहे : शिक्षकाच्या तक्रारीचं निवारण ठरवून दिलेल्या पद्धतीने व्हायला हवं. कर्तव्यांचं पहिलं पोटकलम नोटिशीत दिसतं. हे तिसरं शिक्षकाने स्वतः अर्जात लिहावं, आणि अर्जाची पोच घ्यावी.