तो विकृत आहे म्हणून विषय संपत नाही

नमस्कार मंडळी. आज जरा जड विषय आहे, शेजारी लहान मुलं बसली असतील तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका एवढी विनंती.

लैंगिक अत्याचाराची बातमी आली की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? "विकृत आहे मेला, सायको आहे." मी सायकियाट्रिस्ट आहे आणि मला हे वाक्य फार खुपतं. आपल्याकडे पोलिसात नोंद होणाऱ्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, नात्यातला नाहीतर शेजारचा, आणि आपण मात्र सायकोसारखा दिसणारा कोणीतरी शोधत बसतो.

आता निदानाचं बघा. लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटणं, त्याला पेडोफिलिया म्हणतात. पण मुलांवर अत्याचार करणाऱ्या कित्येकांना तो नसतोच, संधी मिळाली, दारू होती, पोर कोणाला सांगणार नाही याची खात्री होती, म्हणून केलं. आणि दुसरीकडे असाही माणूस असतो ज्याला हे आकर्षण आहे पण त्याने आयुष्यात कोणाला बोटही लावलेलं नाही. या दोघांना एकच उपचार कसा चालेल? पण ओळखायचं कसं, ना रक्ताची टेस्ट, ना स्कॅन, तो जे बोलेल त्यावरच बरंचसं ठरतं. केस चालू असताना वकील सांगतो गप्प बस, आणि शिक्षा झाल्यावर सुटायची घाई असते म्हणून तो डॉक्टरला आवडेल तेच बोलतो.

उपचारांचंही तसंच. इंग्लंड आणि वेल्सच्या जेलमध्ये अशा कैद्यांसाठी बरीच वर्षं ग्रुप थेरपी चालायची. २०१७ मध्ये सरकारने स्वतःच हिशोब जाहीर केला, थेरपी घेतलेले २,५६२ कैदी आणि न घेतलेले १३,२१९. थेरपी घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला आणि न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी! कार्यक्रम बंद केला त्यांनी. मला त्याचं कौतुक वाटतं, कारण आपलं चुकलं हे आकड्यांसकट सांगायला हिंमत लागते.

मग लोक म्हणतात, इंजेक्शन देऊन टाका ना. टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधं आहेत, स्वीडनमध्ये ५२ पुरुषांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात धोका खरंच कमी झालेला दिसला, पण ते सगळे स्वतःहून मदत मागायला आलेले होते हे विसरू नका. औषध थांबलं की परिणाम ओसरतो, हाडं ठिसूळ होतात, आणि ज्याने बाईला धडा शिकवायचा म्हणून अत्याचार केला त्याच्या डोक्यातला राग इंजेक्शनने कसा जाणार? बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही २०१३ मध्ये शिक्षा म्हणून असं इंजेक्शन देणं नाकारलंच होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अजून काहीच न केलेल्या पोराची, विशी-बाविशीतला, स्वतःच्या मनाला घाबरलेला. जर्मनीत बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने २००५ मध्ये अशांसाठी गुप्तता पाळून मोफत उपचार सुरू केले, टीव्हीवर जाहिराती करून. आपल्याकडे पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ सांगतं की गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचं, आणि घडलेला गुन्हा लपवला तर शिक्षा आहे. मुलांसाठी हा कायदा हवाच, त्यात दुमत नाही. पण मग तो पोरगा माझ्यासमोर बसून खरं कशाला बोलेल, आणि त्याची ती भीती कळवण्यासारखी आहे की उपचार करण्यासारखी, हे मी कोणत्या क्षणी ठरवायचं, याचं स्पष्ट उत्तर आम्हा डॉक्टरांना कुणीतरी लिहून द्यायला हवं.

तोपर्यंत दोन नंबर लिहून घ्या. मुलाने काही सांगितलं तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, लगेच. आणि स्वतःच्याच विचारांची भीती वाटत असेल तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, तिथे मराठीतही बोलतात.