पंखात पास, नाकात नापास

(दृश्य : टेबलावर राखाडी प्लॅस्टिकचे सुटे भाग. शेजारी बारीक माप घेणारा व्हर्नियर.)

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये या काकांनी हयातभर प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या डाय, म्हणजे साचे, बनवल्या. निवृत्त झाले, पण व्हर्नियर काही सुटला नाही. सध्या त्याच्या जबड्यात असतं मिग-२१.

खऱ्या मिग-२१च्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत ७.१५४ मीटर. १/४८ स्केलच्या किटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या मॉडेलमध्ये, ती १४९ मिलिमीटर भरायला हवी. मोजायला हे सर्वांत सोपं, म्हणून किटांची तुलना करणारे आधी पंखच मोजतात. काका त्याला फारसे मार्क देत नाहीत. किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. १४९ मिलिमीटरवर पाऊण मिलिमीटर! डाय तेवढी मोठी कापावी लागते. इथं थोडं इकडंतिकडं झालं, तर काका चक्क माफ करतात.

(दृश्य : दोन नाकं शेजारी शेजारी.)

नाकाला मात्र माफी नाही. मिग-२१च्या सुरुवातीच्या एफ-१३ या जातीची हवा घेणारी तोंडाकडची कड ६९० मिलिमीटर व्यासाची होती. पुढं पीएफ जातीपासून ती ८७० झाली, कारण आतल्या शंकूत मोठं रडार बसवायचं होतं. १/४८मध्ये हा फरक पावणेचार मिलिमीटरचा. दोघांचे पंख मात्र तेवढेच. म्हणजे पट्टीनं पंख मोजून ‘अचूक’ ठरवलेलं किट भलत्याच विमानाचं असू शकतं. खोक्यावर तिरंगी गोल छापला, की ते भारतीय होत नाही.

काकांना हवी आहे भारतीय हवाई दलाची एफएल ही जात. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात गव्हर्नरच्या निवासावर हल्ला केला तो याच जातीनं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) नाशिकजवळच्या ओझरला एफएल बांधली. ठाण्यातून निघणारा नाशिक हायवे तिकडंच जातो. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निरोप दिला ती बायसन ही शेवटची सुधारित जात, जाड पाठीची. एफएलची पाठ सडपातळ, शेपूट रुंद. आणि वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक कॅनॉपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. उघडताना समोरच्या काचेसकट वर जाते. नंतरच्या मिगमध्ये समोरची काच जागेवरच राहते आणि कॅनॉपी बाजूला उघडते.

(दृश्य : पंखावरच्या कोरीव रेघा, अगदी जवळून.)

आता पॅनल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडाच्या रेघा. किटवरची रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरा. ४८नं गुणा. खऱ्या विमानात तिथं जवळपास सेंटिमीटरभर फट पडेल! तरी रेघा नसलेलं किट कोण घेईल? चेक कंपनी एडुआर्डनं २०११ साली १/४८ स्केलमध्ये काढलेल्या एमएफ या आणखी एका जातीच्या किटवर तर रिव्हेटच्या ओळीही आहेत. आमचं मत विचाराल, तर हे साफ खोटं आणि फार देखणं. पंखाची मागची कडही अशीच जाड राहते. पत्र्याइतकं पातळ प्लॅस्टिक डायमध्ये नीट भरतच नाही. ती पॉलिश पेपरनं घासून पातळ करता येते. चुकीचं नाक घासून बरोबर होत नाही.

काकांच्या हातात पीएफएम या नंतरच्या जातीचं किट आहे. नाक बरोबर, शेपूट बरोबर, काच चुकीची. पीएफच्या किटातली, एफएलसारखीच काच लावून भागलं असतं. पण डायमेकरला ते कसं पटावं? त्यांनी सागाचा ठोकळा घासून आकार काढलाय. त्यावर पारदर्शक शीट गरम करून ओढणार आहेत.

पंख किटातलेच राहतील. त्यांच्याबद्दल काकांची काही तक्रार नाही.