तळघरात आग असलेलं शहर

नमस्कार श्रोतेहो. आज कॅनडातल्या मेडिसिन हॅट या शहराविषयी बोलू या. वस्ती साधारण 63 हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आल्बर्टा प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, प्रेअरीच्या गवताळ माळावर हे वसलंय. पाऊस बेताचा. झाडी दिसते ती साउथ सस्कॅचवान नदीच्या काठाला.

मुलूख मूळचा ब्लॅकफूट या आदिवासी लोकांचा. 1877 मध्ये सरकारनं त्यांच्याशी करार केला. पुढच्या काही वर्षांत रानगव्यांचे कळप नाहीसे झाले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांचे अतोनात हाल झाले. 1883 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे नदीपाशी पोचली. मजुरांचे तंबू पडले, तंबूंचं गाव झालं. इथवरची कहाणी प्रेअरीतल्या कितीतरी गावांची आहे. पुढची मात्र ह्याचीच.

वाफेच्या इंजिनाला पाणी हवं. म्हणून त्याच वर्षी गावाच्या पश्चिमेला, लँजेविन नावाच्या थांब्यावर रेल्वेनं बोअर मारली. शोधत होते पाणी, लागला नैसर्गिक वायू! त्यानं पेट घेतला आणि बोअरचा मनोरा जळून गेला. पुढे खुद्द गावाखालीही वायूचे मोठे साठे सापडले, आणि इथे गावकऱ्यांनी जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. वायू कुणा कंपनीच्या हवाली न करता तो नगरपालिकेनं स्वतःकडे ठेवला. रस्त्यावरचे वायूचे दिवे तर भर दुपारीही जळत असत. का? तर ते विझवायला माणूस ठेवायचा, तर त्याचा पगार वायूपेक्षा महाग पडायचा!

1907 मध्ये ‘जंगल बुक’वाले लेखक रुडयार्ड किपलिंग इथे आले. जन्मानं हे आपले मुंबईकर, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायला होते. किपलिंग म्हणाले, या भागाला तळघर म्हणून अख्खा नरकच मिळालेला दिसतो. तीन वर्षांनी गावातल्या काही प्रतिष्ठितांना गावाच्या नावाची लाज वाटू लागली. अमेरिकेत कुठे थंडीची लाट आली की हवामानाच्या बातम्यांत खापर मेडिसिन हॅटवर फुटायचं. धंद्याला ते बरं दिसेना. नाव बदलायची भाषा सुरू झाली. पोस्टमास्तर फ्रान्सिस फॅट यांनी किपलिंगना पत्र घातलं. त्यांचं खरमरीत उत्तर आलं आणि नाव वाचलं.

स्वस्त वायूच्या ओढीनं वीटभट्ट्या आल्या, पिठाच्या गिरण्या आल्या, काचकारखाना आला. त्यातला मेडाल्टा हा भांड्यांचा कारखाना मला विशेष वाटतो. लोणची मुरवायच्या जाडजूड चिनीमातीच्या बरण्या, हॉटेलांतल्या कपबश्या, सगळं तिथे घडायचं. भांड्यांची माती यायची शेजारच्या सस्कॅचवान प्रांतातून, रेल्वेनं. म्हणजे माती बाहेरची, आग तेवढी घरची! कारखाना 1954 मध्ये बंद पडला, पण विटांच्या घुमटाकार भट्ट्या अजून उभ्या आहेत आणि आता तिथे संग्रहालय आहे.

अर्थात, सगळंच काही शहाणपणानं झालं नाही. पहिल्या महायुद्धाआधी जमिनीच्या सट्ट्यानं गावाला झपाटलं. कुसळं उगवणाऱ्या माळावर प्लॉट पाडले गेले. 1913 मध्ये फुगा फुटला आणि बरेच जण आले तसे निघून गेले. पुढच्या काळात टायरचा कारखाना, काचघरांतली भाजी आणि जवळच्या सफिल्ड लष्करी तळावर सरावाला येणारे ब्रिटिश सैनिक यांनी शहराला पुन्हा हात दिला.

वायू आणि वीज आजही नगरपालिकेचीच. मात्र वायूच्या जुन्या विहिरी आता परवडेनात. 2019 मध्ये शहरानं त्यातल्या बहुतेक बंद करायचं ठरवलं. 2023 च्या उन्हाळ्यात विजेची बिलं भडकली, आणि लोकांनी नगरसेवकांना धारेवर धरलं: कंपनी आमची, नफाही आमचा, मग बिल एवढं कसं?