आजीची शिवणाची वही आणि दादाचा रुमाल

(इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी,

मी मूळची बडोद्याची, दांडिया बाजारातली. घरात मराठी, बाहेर पाऊल टाकलं की गुजराती. आज येताना एक वस्तू आणलीय, माझ्या आजीची शाळेतली शिवणाची वही. पानापानावर कापडाचा तुकडा टाचलाय, हा धावदोरा, ही उलटी टीप, हे रफू, आणि हे काज, त्याच्या बाजूला बाईंनी लाल शाईत लिहिलंय, "टाके सारखे घालणे." आजी तेव्हा दहा वर्षांची होती.

आजी शाळेत गेली ती सयाजीराव महाराजांमुळे. त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून बघितलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, मुलींनासुद्धा, आणि मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. आमच्या पणजोबांनी दंडाच्या धाकानेच पोरीला पाठवलं असं आजी सांगायची. पण मुलींची सक्ती मुलांपेक्षा लहान वयातच संपायची, त्यामुळे भाऊ पुढे शिकत राहिला आणि आजीची शाळा मराठी पाचवीत सुटली. "तो नकाशे काढायचा तेव्हा मी काजं करत बसायचे, नकाशा मला त्याच्यापेक्षा चांगला आला असता," हे ती ऐंशीव्या वर्षीही म्हणायची. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटायचं नाही, आता वाटतं.

आईच्या वेळेपर्यंत मुलींनी कॉलेजला जाणं बडोद्यात नवीन राहिलं नव्हतं. 1949 मध्ये युनिव्हर्सिटी झाली आणि कुलगुरू कोण, तर हंसाबेन मेहता, मुलं-मुली एकत्र शिकतात अशा युनिव्हर्सिटीच्या देशातल्या पहिल्या बाई कुलगुरू. याच हंसाबेननी त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" अशा अर्थाचे शब्द होते तिथे "सर्व मानव" करून घेतलं. पुढे 1962 मध्ये मुला-मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का हे ठरवायला सरकारने समिती नेमली, तिच्या अध्यक्षाही त्याच, आणि त्या समितीने सांगितलं की वेगळा नको. आपण आज राहतो त्या इंग्लंडमध्ये शाळांना मुलींना स्वयंपाक आणि मुलांना सुतारकाम असं वाटून देता येणार नाही, हे कायद्याने ठरायला 1975 उजाडलं. मला याचा फार अभिमान वाटतो. हंसाबेनच्या नावाची लायब्ररी आहे ना युनिव्हर्सिटीत, तिथेच मी परीक्षांचा अभ्यास केलाय.

पण कागदावरचं वर्गात पोचायला वेळ लागतो हो. मी शाळेत होते ऐंशीच्या दशकात. हजेरीपटात आधी सगळी मुलं, मग एक रेघ, आणि रेघेखाली आम्ही मुली. उद्योगाच्या तासाला मुलांनी बागकाम नाहीतर खडू बनवायचे, मुलींनी भरतकाम. आमच्यातल्या दोघींनी बागकाम मागितलं तर हो-नाही करत मिळालं, कौतुकही झालं, "वा, पोरी धीट आहेत."

माझ्या दादाने भरतकाम मागितलं. त्याचा हात फार छान होता, आजीजवळ बसून तो साखळी टाका, काश्मिरी टाका सगळं शिकलेला. घरी भरलेला एक रुमाल घेऊन तो शाळेत गेला, अबोली रंगाच्या दोऱ्याने काढलेला मोर, पिसाऱ्याचा एकेक डोळा वेगळा. सरांनी तो वर्गासमोर उंच धरला आणि म्हणाले, याला ओढणी आणून द्या रे कोणीतरी. सगळा वर्ग हसला, आणि मीही हसले, मागच्या बाकावरून. दादाने त्यानंतर सुई हातात धरली नाही. त्याला आज विचारलं तर तो विषय बदलतो.

आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत नाहीच म्हणणार, वाईट वाटतं याचं, की हे सगळं बडोद्यात झालं. जिथे नवरात्रात हजारो मुलं आरसे लावलेलं, पाठभर भरतकाम केलेलं केडियू, तो घेरदार अंगरखा, घालून रात्री उशिरापर्यंत गरबा खेळतात आणि कुणाला त्यात बायकी काही दिसत नाही. ते भरतकाम अंगावर चालतं, हातात नाही चालत.

मला यातून एकच दिसतं. मुलींना मुलांची कामं करायची परवानगी मिळाली, उशिरा का होईना. मुलांना मुलींची कामं करायला कोणी मोकळं केलंच नाही, कारण मुलीने मुलासारखं वागणं म्हणजे वर चढणं आणि मुलाने मुलीसारखं वागणं म्हणजे खाली उतरणं, असंच आपण अजून धरून चाललोय. बाईच्या कामाची किंमत जोवर कमी, तोवर हे असंच राहणार.

माझा मुलगा इथे इंग्लंडमध्ये शाळेत जातो, इथे 2014 पासून वयाच्या चौदा वर्षांपर्यंत सगळ्यांनाच स्वयंपाक शिकवतात. तो ऍप्रन बांधून सूप करून आला तेव्हा मी दादाला फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही, मग उत्तर आलं, "मीठ बरोबर पडलंय का विचार त्याला."

आता आपल्या मंडळाचं बोलते. दर गणपतीला आपण मुलींना रांगोळी देतो आणि मुलांना खुर्च्या उचलायला लावतो, मीही लावलंय. यंदा उकडीच्या मोदकांच्या वर्गासाठी दाराजवळ यादी ठेवलीय. पहिलं नाव माझ्या मुलाचं आहे, त्याने स्वतः लिहिलंय. खाली जागा भरपूर आहे, जाताना आपापल्या मुलांना तिथवर घेऊन जा.