टाळूचं सोरायसिस अन् लाल रेघेची बाटली
(ग्रामपंचायतीच्या सभागृहात झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. मागं भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणींनो, पुढं या, सतरंजी रिकामीच आहे, अन् आजचा विषय तुमच्या जास्त कामाचा आहे, कारण तुमचे केस मोठे, दाट, त्यात औषध केसांनाच लागून राहते अन् टाळूपर्यंत पोचतच नाही.

मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. कोणाच्या डोक्यात काय झालं हे मी सांगणार नाही, ते काम डॉक्टरचं. पण चिठ्ठी मिळाल्यावर पुढची गोष्ट माझ्या काउंटरवर होते, अन् तिथं मी रोज पाहतो की माणूस बाटली घेते, पिशवीत टाकते, बस पकडायची घाई असते, अन् ते लावायचं कसं, किती, किती दिवस, हे कोणी विचारत नाही अन् बऱ्याचदा कोणी सांगतही नाही. तेवढंच सांगायला आज आलो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. सोरायसिस लागट नाही. एका कंगव्यानं, एका उशीनं, एका ताटात जेवल्यानं, अंगाला अंग लागल्यानं ते एकाचं दुसऱ्याला होत नाही, त्यात जंतूच नाही तर होईल कुठून. आपल्याच शरीराची संरक्षणाची यंत्रणा बिघडते अन् जी कातडी बनून वर यायला महिनाभर लागतो ती 3 ते 5 दिवसांत वर येते, मग एकावर एक थर चढतात, पांढरे चांदीसारखे खवले दिसतात, खाली लाल चट्टा. सुनेचं अंथरूण वेगळं करणं, पोरीची सोयरीक मोडणं, हे अजूनही होऊन राहिलं आपल्याकडं, अन् मला याचा खरंच लय त्रास होतो. त्या बाईला आधीच खाज, आधीच लाज, डोक्यावरचा पदर सरकू देत नाही ती, अन् घरचेच लोक तिला दूर बसवतात.

आता कोंडा अन् हे वेगळं कसं ओळखायचं. कोंडा साधारण तेलकट, पिवळसर, बारीक भुसा पडते. सोरायसिसचा थर जाड, कोरडा, त्याला कड असते, अन् तो बरेचदा केसांच्या रेषेच्या बाहेर येतो, कपाळावर, कानामागं, मानेवर. कोपरावर, गुडघ्यावर पण चट्टे आहेत का पाहा, नखात बारीक खड्डे आहेत का पाहा. पण लहान लेकराच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटत असतील तर तो नायटा पण असू शकतो, अन् नायट्यावर सोरायसिसचं औषध लावलं की खाज दोन दिवस थांबते अन् आतून तो पसरतच जातो. म्हणून शेजारणीची उरलेली ट्यूब आणून लावू नका, आधी डॉक्टरला डोकं दाखवा.

आता औषध. टाळूसाठी सगळ्यात जास्त लिहून देतात ते स्टेरॉइडचं, म्हणजे सूज अन् खाज दाबणाऱ्या औषधाचं, लोशन, क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन, कधी त्यात सॅलिसिलिक अॅसिड घातलेलं, खवले मऊ करायला. क्लोबेटासोलच्या डब्यावर 0.05 टक्के लिहिलेलं असते, अन् लोकांना वाटते हे तर हलकं आहे, दुसऱ्या मलमावर 1 टक्का लिहिलंय ते जोरदार. उलटं आहे! 1 टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्यातलं, अन् 0.05 चं क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जबरदस्त गटातलं. आकडा पाहून औषधाची ताकद ठरवू नका. डब्यावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधाची खूण आहे. 2018 साली केंद्र सरकारनं बऱ्याच स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवायची विक्री बंद केली, तरी लोक येऊन रिकामी ट्यूब दाखवतात अन् म्हणतात भाऊ हीच द्या, अन् मी नाही म्हटलं की रागावतात. रागवा, पण मी देणार नाही.

लावायचं कसं ते नीट ऐका. जाड थरावरून लोशन ओतलं तर ते वरच राहते, खालच्या कातडीला काही मिळत नाही. म्हणून आधी थर मऊ करायचा. रात्री खोबरेल तेल हलक्या हातानं जिरवायचं, सकाळी डॉक्टरनं दिलेल्या शाम्पूनं धुवायचं, अन् जे आपोआप सुटेल तेवढंच सुटू द्यायचं. नखानं उकरायचं नाही, बारीक फणीनं खरवडायचं नाही, कारण सोरायसिसमध्ये जिथं जखम होते तिथं नवा चट्टा उठू शकतो, हे या आजाराचं लक्षणच आहे. मग केस कोरडे झाले की भांग पाडायचा, बाटलीचं टोक टाळूला टेकवून जिथं चट्टा आहे तिथंच थेंब सोडायचे, बोटानं हळू पसरवायचं, मग दुसरा भांग. स्वतःला मागचं दिसत नाही, घरातल्या कोणाला तरी बसवा, नवऱ्याला बसवा, त्यात काही कमीपणा नाही. मलम असेल तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर येईल तेवढं, ते साधारण अर्धा ग्रॅम होते अन् बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. झालं की हात साबणानं धुवा, लगेच डोळे चोळू नका. कपाळावर ओघळलं तर पुसून घ्या, तोंडाची अन् कानामागची कातडी पातळ असते, टाळूला जे सोसते ते तिला सोसत नाही, अन् डोळ्यात वारंवार स्टेरॉइड गेलं तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. वरून प्लास्टिकची पिशवी नाहीतर घट्ट फडकं बांधू नका, त्यानं औषध अंगात जास्त शोषलं जाते, डॉक्टरनं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

अन् हे तर मी दर गिऱ्हाइकाला सांगतोच. डोक्याच्या बऱ्याच लोशनमध्ये अल्कोहोल असते, ते पेट घेते. लावून लगेच चुलीपुढं फुंकणी घेऊन बसू नका, बिडी पेटवू नका, देवापुढं दिवा लावायला वाकू नका. पूर्ण वाळू द्या आधी. चिरलेल्या कातडीवर ते झोंबते पण, तेव्हा डॉक्टरला सांगा, दुसऱ्या प्रकारचं मिळू शकते.

आता दिवस किती. क्लोबेटासोलच्या माहितीपत्रात लिहिलेलं असते की सलग 2 आठवड्यांपेक्षा जास्त नको अन् आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर नको. कॅल्सिपोट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीसारखं लावायचं औषध, अन् बीटामेथासोनचं जे एकत्र जेल येते ते टाळूवर दिवसातून एकदा, साधारण 4 आठवडे. तुमच्या चिठ्ठीवर डॉक्टरनं जे लिहिलं तेच धरा, पण तारीख मात्र बाटलीवर पेनानं लिहून ठेवा, कधी सुरू केलं अन् कधी दाखवायला जायचं. कारण होते काय, आठ दिवसांत खाज थांबते, डोकं साफ दिसते, माणूस खुश होते, मग एकतर पटकन बंद करते नाहीतर वर्षभर लावतच राहते. दोन्ही वाईट. वर्षभर लावलं की कातडी पातळ होते, रक्ताच्या बारीक नसा दिसतात, फोड येतात, अन् जास्त जागेवर जास्त दिवस लावलं तर ते रक्तात जाऊन शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावते, शुगरवाल्याची शुगर वाढू शकते. अन् बरेच दिवस लावून एकदम बंद केलं की दुप्पट जोरानं उसळते. म्हणून डॉक्टर उतरवत नेतात, आधी रोज, मग एक दिवस आड, मग आठवड्यातून दोनदा. हे उतरवणं चिठ्ठीवर नसेल तर विचारून घ्या, हक्कानं विचारा.

याहून भयंकर म्हणजे बाजाराच्या दिवशी मिळणारी पुडी अन् कुठंतरी घेतलेलं "खाजेचं इंजेक्शन". त्यात स्टेरॉइड आहे की नाही कोणालाच माहीत नसते. पोटातून नाहीतर इंजेक्शननं घेतलेलं स्टेरॉइड सोरायसिसवाल्यानं सोडलं की कधीकधी अंगभर पूचे फोड येतात, ताप येते, दवाखान्यात भरती करायची वेळ येते. तसं झालं तर घरी थांबू नका, सेवाग्राम, नागपूर, जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिकडं न्या.

काही बारीकसारीक. कोल टारचा, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबराचा, शाम्पू असेल तर त्याचा वास येतो, कपड्याला डाग पडतात, अन् त्यानं कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून तो रात्री वापरा अन् दुसऱ्या दिवशी वावरात जाताना डोकं दुपट्ट्यानं झाका. कॅल्सिपोट्रिऑल अन् सॅलिसिलिक अॅसिड एकावर एक लावू नका, अॅसिडनं ते निकामी होते. बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, किंवा पेशंट बारा वर्षांच्या आतलं असेल तर हे आधीच सांगा, औषधच बदलावं लागू शकते. प्रेशरच्या काही गोळ्या अन् मलेरियाची क्लोरोक्विन यांनी सोरायसिस भडकू शकते, तेव्हा गडचिरोलीकडच्या कामावर जाऊन आलेल्यांनी कोणत्या गोळ्या खाल्ल्या ते डॉक्टरला सांगा. पण मलेरियाची गोळी स्वतःच्या मनानं बंद नका करू बावा, मलेरियानं माणूस मरते.

अन् ज्याच्या डोक्यात हे आहे त्याची बोटं, टाच, कंबर सकाळी आखडत असेल, अर्धा-पाऊण तास मोकळी होत नसेल, तर कापूस वेचून दुखते म्हणून सोडून देऊ नका. सोरायसिससोबत सांध्याचा आजार येऊ शकते, तो वेळेवर धरला नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात अन् त्याला बाटलीतलं लोशन काही करत नाही.

एका आजीनं विचारलं, "माह्ये केस गेले ते वापस येतीन का?" येतात आजी, बहुतेक येतात, थर उतरला अन् खाजवणं थांबलं की. अन् मागून एका भाऊनं विचारलं की न्हाव्याकडं जावं का नाही. जा, त्याला आधीच सांगा की हे लागट नाही, पण चट्टा लाल असेल तेव्हा वस्तरा नको, मशीन टाळूला दाबून फिरवू नको, कैचीनं कापून दे.