गाय, मी आणि हम्प्ता खिंड

बसा, बसा. मागं उभे आहात त्यांनीही बसून घ्या, सतरंजी लांब आहे.

आधी एक दुरुस्ती. बाहेर फळ्यावर लिहिलंय, 'हिमालय सर करणारे आपले निवृत्त पशुधन पर्यवेक्षक'. हे वाचनालयाच्या सचिवांचं प्रेम. कोणी कोणाला सर केलं ते पुढं येईलच. विषय मात्र बरोबर लिहिलाय, 'उंचीवर शरीर कसं जुळवून घेतं'. नऊला लाईन येते, हरभऱ्याला पाणी द्यायचंय, हे मला ठाऊक आहे. माझीही मोटर आहे. पाऊण तास पुष्कळ झाला.

तर हिमालय. थांबा, त्याच्या आधी गाय.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, एका योजनेत आपल्याकडं संकरित गायी वाटल्या होत्या. कागदावर रोजचं १२ लिटर दूध. मूळ रक्त हॉलंडकडचं, थंड हवेतलं. पंचवीस अंशांवर पारा गेला की तिला जड जातं. आणि आणल्या कधी? एप्रिलात! ट्रकमधून उतरवल्या तेव्हा आपल्याकडं ४४ होतं. त्यातली एक माझ्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याकडं आली. गडी बिचारा इतका खुश की त्यानं तिला हार घातला, तो तिनं खाल्ला. तेवढंच तिनं त्या दिवशी खाल्लं.

आठव्या दिवशी मला बोलावणं आलं. गोठ्यावर टिनाचं छप्पर. गाय मान पुढं ताणून, तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून उभी. बसत नव्हती. मी कुशीचे हेलकावे, म्हणजे श्वास, मोजले, मिनिटाला ९०च्या वर. दूध तीन लिटरवर आलं होतं. आम्ही ओली पोती अंगावर टाकली, छपरावर पऱ्हाट्या पसरल्या, पाण्यात गूळ-मीठ दिलं. बाजूलाच त्याची गावरान गाय बाभळीखाली निवांत रवंथ करत होती. तिच्याकडं बघून तो म्हणाला, "साहेब, इले काहीच कसं होत नाही?" मी काय सांगू? इचे खापरपणजे इथलेच, असं सांगितलं.

मे महिन्यात ती गेली. पंचनाम्यावर मृत्यूचं कारण लिहायचा रकाना होता. मी लिहिलं, 'उष्माघात'. खरं कारण लिहायचं तर 'घाई' असं लिहावं लागलं असतं, पण तसा शब्द आमच्या नमुन्यात बसत नव्हता. ऑक्टोबरात आणली असती, हिवाळा इथं काढू दिला असता, पारा तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू चढला असता, तर कदाचित तगली असती. हे मी तेव्हा वरच्यांना बोललो. वरचे म्हणाले, मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा असतो.

असो. हसू नका, हे सगळं हिमालयाचंच चाललंय.

निवृत्तीनंतर जावईबापू म्हणाले, बाबा, हम्प्ता खिंडीला चला. मनालीजवळ आहे. चार-पाच दिवस चालायचं, तंबूत झोपायचं. खिंड साधारण ४,२७० मीटरवर. आपल्या चिखलदऱ्यावर चिखलदरा, त्यावर आणखी एक चिखलदरा ठेवला, तरी ती वरच उरते. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. इथं ४५, आणि समुद्रसपाटीपासून उंची म्हणाल तर तीनशे मीटर. मनालीत एक दिवस थांबायचं ठरलं होतं. तो मी रद्द केला. खोलीचं भाडं ८०० रुपये होतं. विदर्भातला माणूस उगाच पडून राहायचे ८०० देईल का?

जोब्र्यापर्यंत गाडी, मग चिका, दुसऱ्या दिवशी बालू का घेरा. देवदार संपतात, भूर्जाची झाडं लागतात, मग तीही संपतात. नुसतं गवत, दगड आणि बर्फाचं पाणी. नाला ओलांडताना पाय गुडघ्यापर्यंत बधिर. सामान खेचरांवर. खेचरांची खोगिरं मी तपासली, सवय जात नाही. एकाच्या पाठीवर जखम होती, तिला हळद लावायला लावली.

आणि माझ्या पिशवीत घरची तुरीची डाळ, दोन किलो. स्वयंपाकी कुल्लूकडचा पोरगा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अंकल, ऊपर आपकी दाल नहीं गलेगी." मला वाटलं टोमणा मारतोय. तो बिचारा शास्त्र सांगत होता. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. आधण खळखळतंय, पण त्यात दमच नाही. मी हट्टानं कुकर नको, पातेल्यातच शिजव म्हणालो. दोन तासांनी डाळ जशीच्या तशी, वर पाणी पिवळं. त्यानं गॅस बंद केला आणि मसूर काढली.

रात्री डोकं ठणकू लागलं. जेवण नको झालं. मी म्हटलं, कच्च्या डाळीचा वास बसलाय. मध्यरात्री जावई मला हलवतात, "बाबा, बाबा!" म्हणे, तुमचा श्वास थांबला होता. मग दहाएक मोठे श्वास, पुन्हा थांबला. बिचारे रात्रभर मोजत बसले. सासऱ्यावर ओरडताही येईना. पहाटे मी उठून बसलो, मान पुढं, तोंड उघडं. समोर तंबूचं पिवळं कापड होतं आणि मला टिनाचा तो गोठा दिसत होता.

आमची म्होरकी पंचविशीची मुलगी. तिनं जमिनीवर दोर टाकला आणि म्हणाली, टाचेला चवडा लावत यावरून चला. चाललो, झोक गेला नाही. मग रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा बोटाला लावला, आकडा आला ७४ टक्के. ती म्हणाली, "अंकल, आप नीचे जाएँगे." मी म्हटलं, दुपारपर्यंत बघू ना. ती म्हणाली, "बघायचं काही नसतं." म्हणजे हिंदीत म्हणाली. खेचरवाल्याबरोबर मी चिक्याला उतरलो. संध्याकाळी भूक लागली!

म्हणजे राजेहो, खिंड मी ओलांडलेली नाही. जावयांनी ओलांडली. मी मनालीहून गाडीनं अटल बोगद्यातून त्यांना भेटायला खिंडीपलीकडं छत्रूला गेलो. नऊ किलोमीटरचा बोगदा, २०२० साली सुरू झालेला. शिरताना हिरवीगार कुल्लू, बाहेर पडलो तर लाहौल, उघडाबोडका. पीर पंजालची रांग पाऊस अडवते. मला तर घरीच आल्यासारखं वाटलं.

किती वाजले? पावणेनऊ? अरे बाप्पा. विषय राहिलाच.

पटापट सांगतो. वरच्या हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. दाब कमी होतो. खिंडीवर तो समुद्राकाठच्या सुमारे ६० टक्केच उरतो. शरीर काय करतं? श्वास वाढवतं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंडं क्षार बाहेर टाकतात, म्हणून लघवी वाढते. रात्री थंडीत चारदा उठावं लागलं तर वैतागू नका, काम चालू आहे. त्याला दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला आठवडे. डायमॉक्सची गोळी मूत्रपिंडाच्या याच कामाला घाई करते, पण डॉक्टरांना विचारूनच.

दुसरं, फुप्फुसं. प्राणवायू कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, काहींच्या फुप्फुसात पाणी झिरपतं. बसल्याजागी धाप, खोकला, गुलाबी फेस. हे जिवावरचं. गायींना उंचीवर नेलं तर हाच दाब हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो आणि पुढच्या पायांमध्ये, छातीखाली सूज उतरते. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत हा रोग ओळखला. याकला तो होत नाही, त्याच्या वाहिन्या पातळ, फारशा आवळतच नाहीत.

तिसरं, झोक जाणं. दारू न पिता पिल्यासारखा चालू लागला की मेंदूला सूज समजा. वाट बघायची नाही, उतरवायचा. रात्र असली तरी.

व्यायामशाळेतली दंडबेटकुळी इथं कामाची नाही. उलट तरुण पोरं भराभर चढतात आणि आधी आडवी होतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. आणि मनालीचे ते ८०० रुपये द्या. मी चिक्यावरून एका दिवसात सहाशेच्या वर चढलो होतो, तेही मनालीत न थांबता. कोणता नमुना भरायचा आता?

हो, मागून कोण विचारतंय? "मंग थे दाय शिजली का?"

नाही ना भाऊ. उरलेली परत आणली. घरी आल्यावर हिनं कुकरला लावली, तीन शिट्ट्यांत मेण झाली. उठा आता, नऊ वाजले. खालच्या फिडरवाल्यांनी आधी निघा.