के. आर. नारायणन : वकिलातीतून सभागृहात

राजदूत खासदार झाला की लोक म्हणतात, दिल्लीत वजन होतं, तिकीट मिळालं. पण तिकीट हा त्यातला सोपा भाग. अवघड काय असतं, ते आज आपण नारायणन यांच्या कारकिर्दीतून पाहू.

ते केरळातल्या उळवूरचे. १९४५मध्ये मुंबईत पत्रकार होते, गांधीजींची मुलाखतही त्यांनी मुंबईतच घेतली. १९४९मध्ये परराष्ट्र सेवेत आले. थायलंड आणि तुर्कस्तानात राजदूत झाल्यावर १९७६मध्ये चीनला गेले. बीजिंगमध्ये त्याआधी पंधरा वर्षं आपला राजदूतच नव्हता. १९७८मध्ये निवृत्त झाले, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे (जेएनयू) कुलगुरू झाले आणि १९८० ते १९८४ वॉशिंग्टनला राजदूत राहिले.

मग निवडणूक. इथे पहिली अडचण कागदोपत्री येते. सरकारी नोकरी हे लाभाचं पद, आणि ते धारण करणारा राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२नुसार अपात्र. उमेदवार पात्र आहे की नाही, हे अर्जांच्या छाननीच्या तारखेला पाहिलं जातं. म्हणजे राजीनामा नुसता देऊन भागत नाही, त्या तारखेआधी तो मंजूर होऊन माणूस पदमुक्त झालेला असावा लागतो. शिवाय नाव देशातल्या कुठल्या तरी मतदारयादीत हवं. आयुष्य परदेशात गेलेल्याने हे आधी तपासावं.

दुसरी अडचण मतदारसंघाची. नारायणन यांना ओट्टपालम मिळालं. पालक्काड भागातली ही राखीव जागा, उळवूर मात्र कोट्टयमकडे. भाषा तीच असली तरी गाव आपलं नव्हे. १९८४मध्ये ते तिथून काँग्रेसतर्फे जिंकले, पण तेव्हा काँग्रेसची लाट होती, त्यामुळे त्या विजयावरून फार काही ठरवता येत नाही. १९८९मध्ये पक्ष देशात १९७ जागांवर घसरला, केरळने मात्र साथ दिली, आणि नारायणन पुन्हा निवडून आले. १९९१मध्ये तिसऱ्यांदा.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राजदूताला अवघड प्रश्न आला तर तो दिल्लीला तार करतो, सूचना येईपर्यंत थांबतो. राज्यमंत्र्याला ती सोय नाही. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाचं, मूळ उत्तर खात्याने तयार केलेलं असतं, पण पुरवणी प्रश्न ऐनवेळी येतात, आणि तोंडून निघालेला शब्द कार्यवृत्तात छापला जातो. नारायणन यांनी नियोजन, परराष्ट्र व्यवहार, मग विज्ञान-तंत्रज्ञान अशा खात्यांत राज्यमंत्री म्हणून हे सांभाळलं.

१९९२मध्ये ते उपराष्ट्रपती झाले. ७०१ वैध मतांपैकी ७०० त्यांना होती. पाच वर्षं राज्यसभेचं सभापतिपद सांभाळून १९९७मध्ये राष्ट्रपती झाले. वकिलातीतली शिस्त खरी कामाला आली ती इथे. सरळ नकार द्यायचा नाही, पण आक्षेप कारणांसह लेखी नोंदवायचा.

ऑक्टोबर १९९७ची गोष्ट घ्या. उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांनी विश्वासमत जिंकलं, त्या वेळी सभागृहात माइक फेकले गेले. राज्यपालांच्या अहवालावरून गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. बहुमताचा निवाडा सभागृहातच व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई खटल्यात १९९४लाच ठरलं होतं. नारायणन यांनी शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली. अनुच्छेद ७४ची ही तरतूद ४४व्या घटनादुरुस्तीने आली. कागद एकदाच परत पाठवता येतो, तोच सल्ला पुन्हा आला तर सही करावीच लागते. मंत्रिमंडळाने शिफारस सोडून दिली.

सप्टेंबर १९९८मध्ये बिहारबाबतही तेच झालं. आता वाजपेयी पंतप्रधान होते. तेव्हा मंत्रिमंडळाने माघार घेतली, पण फेब्रुवारी १९९९मध्ये पुन्हा शिफारस आली आणि नारायणन यांनी सही केली. मात्र अनुच्छेद ३५६नुसार अशा उद्घोषणेला दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मान्यता लागते. लोकसभेने ती दिली. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. मार्चमध्ये राजवट मागे घेतली गेली आणि राबडीदेवींचं सरकार परत आलं.